मोडचं नंतर, आधी टेप काढा

चार इंटेन्सिव्हिस्ट एकत्र आले की वाद ठरलेला: व्हॉल्यूम कंट्रोल बरं की प्रेशर कंट्रोल? तरुण मंडळींत एपीआरव्हीचे भक्तही आहेत. वाद रंगू द्यावा. पण यांतल्या एका मोडने दुसऱ्यापेक्षा जास्त रुग्ण वाचतात, असा ठाम पुरावा नाही. हाय-फ्रीक्वेन्सी ऑसिलेशनचं तर उलटंच झालं. कागदावर फुफ्फुसाला सर्वांत सौम्य वाटणाऱ्या या पद्धतीत, २०१३च्या ‘ऑसिलेट’ चाचणीत, ४७ टक्के रुग्ण दगावले; नेहमीच्या व्हेंटिलेशनवर ३५ टक्के.

पुरावा आहे तो आकड्याचा. २००० साली एआरडीएसच्या ८६१ रुग्णांवरचा अमेरिकी अभ्यास आला. किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. हे किलो उंचीवरून काढायचे, काट्यावरचे नव्हेत. आपण चुकतो ते इथेच.

मध्यंतरी घाटकोपरच्या एका छोट्या आयसीयूत बोलावणं आलं. सत्तरीच्या बाई, वजन ७२ किलो, एआरडीएस. टायडल व्हॉल्यूम ४५०. विचारलं, तर सिस्टर सहज म्हणाल्या, “सर, इथे सगळ्यांना साडेचारशेच लावतात.” उंची कुणीच मोजली नव्हती. शिंप्याकडे असते तसली टेप मागवली आणि पलंगावरच टाचेपासून डोक्यापर्यंत धरली: १५० सेंटिमीटर. म्हणजे हिशोबाचं वजन ४३ किलो आणि व्हॉल्यूम २६० मिलिलिटर. बाईंना किलोमागे दहाच्या वर जात होतं, आणि शेजारी दोन रजिस्ट्रार मोड बदलावा का यावर बोलत होते! व्हॉल्यूम उतरवलं, रेट वाढवला. सीओटू जरा चढला. पीएच सांभाळून चढू दिला. इन्स्पिरेटरी होल्ड दाबला, प्लॅटो तिशीच्या आत आलं.

पालथं झोपवण्याचंही तेच. गंभीर एआरडीएसमध्ये रोज सोळा तासांच्या प्रोनिंगने २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आल्याचं २०१३च्या फ्रेंच चाचणीत दिसलं होतं. तरी हा शब्द उपनगरांतल्या वॉर्डबॉयपर्यंत पोचायला २०२० उजाडावं लागलं. मरोळचं सेव्हनहिल्स महापालिकेने कोविडसाठी राखून ठेवलं, ते ते दिवस. आता ‘माणसं कमी आहेत’ हे कारण पुन्हा ऐकू येतं. डोक्याशी ट्यूब धरणारा एक आणि बाजूंना चौघे, एवढीच तर माणसं लागतात.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठलंही आयसीयू असो: व्हेंटिलेटरवरच्या दहा रुग्णांची मोजलेली उंची आणि त्यांना लावलेलं व्हॉल्यूम आम्हाला कळवा. रुग्णांची आणि हॉस्पिटलची नावं नकोत. आकडे जसे येतील तसे पुढच्या अंकात छापू.