मनावर चढणारा रंग



मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी काढला. त्यांच्या मासिकाचे नाव होते 'मनोरंजन', म्हणजे मन रंगवणे. एकदा मनावर चढलेला रंग सहजासहजी उतरत नाही. म्हणूनच यंदा 'करमणूक' हा विषय हाती घेताना आम्हांला प्राचीन रोम आणि तिथे प्रेक्षकांसमोर शस्त्रांनी झुंजणारे ग्लॅडिएटर आठवले.

रोममधली ग्लॅडिएटरांची पहिली झुंज इ. स. पू. २६४ मध्ये झाली, ती एका अंत्यविधीत. मृताच्या सन्मानासाठी तीन जोड्या लढल्या. पुढे सत्ताधाऱ्यांनी ही प्रथा लोकांना खूश ठेवण्यासाठी वापरली. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने कोलोसियम खुले केले, तेव्हा १०० दिवस खेळ चालले. तिथे सुमारे ५०,००० माणसे बसत. लढणारे बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले. काही स्वखुशीने आलेले.

कोलोसियम बांधले जाण्यापूर्वी तत्त्वज्ञ सेनेका एकदा दुपारच्या खेळाला गेला. थोडी थट्टामस्करी, थोडा विरंगुळा, एवढीच त्याची अपेक्षा. आखाड्यात मात्र ढाल नाही, शिरस्त्राण नाही, अशी माणसे एकमेकांना मारायला सोडलेली. जो वाचे, त्याला पुढच्या मारेकऱ्यासमोर उभे केले जाई. आपण घरी परतलो ते अधिक क्रूर होऊन, असे त्याने मित्र लुसिलियसला कळवले. सेनेकाने हाती शस्त्र धरले नव्हते. तो फक्त पाहत होता.

आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससला १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या काही हाडांवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा आहेत. कुणीतरी त्यांची शुश्रूषा केली होती. साम्राज्यात इतरत्र त्यांच्या थडग्यांवर नाव, झुंजींचा आकडा आणि दगड उभारणाऱ्या पत्नीचा उल्लेखही कोरलेला आढळतो. प्रेक्षकांना वरून नुसती ढाल-तलवार दिसत होती. ती पेलणाऱ्याची घरी कुणीतरी वाट पाहत होते.

वाचन हीदेखील करमणूकच. पण चांगली कथा आपल्याला प्रेक्षकांतून उठवून त्या घराच्या उंबरठ्याशी नेते. माणसाचे नाव-गाव, घरदार एकदा कळले, की त्याच्या मरणावर टाळी वाजत नाही. असा रंग आपल्या मनावर चढावा, याच ओढीने हा अंक सजवला आहे.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

– संपादक