रेघेच्या पलीकडे कोण राहतं?



आपल्या डहाणू-पालघरच्या रुळांवरून फ्रंटियर मेल धडाडत जायची. १९२८ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा मुंबईहून थेट पेशावरपर्यंत जायची. फाळणी झाल्यापासून अलीकडेच अमृतसरला थांबते. पेशावर म्हणजे तेव्हाचा वायव्य सरहद्द प्रांत. खान अब्दुल गफारखान तिथले, म्हणून त्यांना सरहद्द गांधी म्हणायचे. फ्रंटियर म्हंजे सरहद्द, एवढं शाळेत गेलेल्या पोरांना माहीत असतं. पण या शब्दाच्या पोटात आणखी बरंच काही आहे. ते या अंकात मांडायचं आम्ही ठरवलं.

कारणं दोन. एक तर १९९३ साल युनोने जगातल्या मूळनिवासी लोकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. दुसरं, आपल्या पाड्यापाड्यांत तेव्हा जंगलजमिनीचे फॉर्म भरायचं काम चालू होतं. त्यातला एक शब्द सगळ्यांनाच टोचतो. तो शब्द म्हणजे 'अतिक्रमण'. या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं आहे.

आधी शब्दाचं मूळ बघू. युरोपात जुनी लॅटिन भाषा होती. तिच्यात 'फ्रॉन्स' म्हणजे कपाळ. त्यावरून पुढची बाजू ती 'फ्रंट'. लढाईत फौजेची जी पहिली फळी शत्रूच्या समोर उभी राहते, तिला फ्रेंच लोक फ्रंटियर म्हणू लागले. मग जिथपर्यंत ती फळी पोचते ती राजाची हद्द, म्हणून देशाच्या हद्दीलाही तोच शब्द लागला. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला. म्हणजे या शब्दाचा जन्म लढाईतला. सरहद्द हा आपला शब्दही फारसीतून आला, आणि त्यातला 'सर' म्हणजे डोकंच.

तरी युरोपात फ्रंटियरच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात हे धरलेलं असायचं. अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. अमेरिकेत गेल्यावर या शब्दाचा अर्थ पालटला. तिथे गोऱ्यांनी फ्रंटियर कशाला म्हटलं? तर आपली वस्ती जिथे संपते त्या कडेला. पलीकडे काय? त्यांच्या मते पलीकडे मोकळं रान, फुकट जमीन.

जुलै १८९३ मध्ये शिकागो शहरात फ्रेडरिक टर्नर नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने यावर एक निबंध वाचला. कोलंबसाला चारशे वर्षे झाली म्हणून तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. टर्नरचं म्हणणं असं की फुकट जमीन आणि तिच्याकडे सरकत जाणारी वस्ती, यानेच अमेरिका घडली. रेघेच्या अलीकडे सुधारणा, पलीकडे रानटीपणा. हा निबंध पुढे तिथल्या शाळा-कॉलेजांत पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला.

टर्नरने आधार घेतला होता १८९० च्या शिरगणतीचा. त्या शिरगणतीने हिशोब केला की जिथे एका चौरस मैलात दोन तरी माणसं राहतात ती वस्ती, आणि त्याहून कमी असतील तर ते ओसाड. आणि जाहीर केलं की आता सलग अशी फ्रंटियरची रेघ उरली नाही, वस्ती सगळीकडे पोचली. पण साथींनो, ही दोन माणसं मोजताना तिथल्या आदिवासींना, ज्यांना गोरे इंडियन म्हणतात त्यांना, धरलेलं नव्हतं. कर भरत नाहीत म्हणून ते हिशोबाबाहेर. माणूस मोजायचाच नाही आणि मग जमीन रिकामी म्हणायची. हे किती सोपं आहे बघा! त्याच १८९० च्या २९ डिसेंबरला साउथ डकोटात वुंडेड नी इथे अमेरिकन लष्कराने लाकोटा आदिवासींवर गोळ्या झाडल्या. दीडशेहून जास्त माणसं मेली, त्यात बायका-पोरंही होती. रिकाम्या जमिनीवर एवढी माणसं कुठून आली मरायला?

ती जमीन रिकामी नव्हतीच. चेरोकी लोकांचंच बघा. ते शेती करत होते. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमाराला आपल्या भाषेची लिपी बनवली. १८२८ पासून त्या लिपीत त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र निघत होतं. आपली ही सायक्लोस्टाइल पत्रिका काढताना शाईने हात काळे होतात तेव्हा आम्हाला त्यांची आठवण येते. त्यांच्या मुलखात सोनं सापडलं आणि जॉर्जिया राज्य उठलं. १८३० मध्ये आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवायचा कायदा झाला. १८३२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचा कायदा चालणार नाही. कोर्टात जिंकूनही १८३८ मध्ये फौजेने त्यांना घरातून बाहेर काढलं. शेकडो मैल चालत नेलं. वाटेत आणि छावण्यांत थंडी, भूक, आजार यांनी सुमारे ४,००० माणसं गेली.

आता अतिक्रमणाकडे येऊ. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने ॲपलाशियन डोंगराच्या माथ्यावरून एक रेघ ओढली होती आणि हुकूम काढला होता की गोऱ्यांनी या रेघेच्या पश्चिमेला वस्ती करू नये. गोऱ्यांनी तो हुकूम पाळला नाही. रेघ ओलांडून झाडं तोडली, घरं बांधली. म्हणजे शुद्ध अतिक्रमण. पुढे त्यांचंच सरकार आल्यावर काय केलं? १८४१ च्या कायद्याने अशा घुसलेल्या माणसाला ती जमीन विकत घ्यायचा पहिला हक्क दिला. १६० एकरांपर्यंत, एकरी सव्वा डॉलर. १८६२ मध्ये दुसरा कायदा केला. पाच वर्षं राहून कसा, १६० एकर जवळजवळ फुकट. आणि या घुसलेल्या माणसाला नाव काय दिलं? पायोनियर. म्हणजे वाट पाडणारा, धाडसी. त्याचे सिनेमे निघाले, ते तालुक्याच्या टॉकीजमध्ये आपणही बघितलेत. घोड्यावरचा हिरो आपला, बाण मारणारा व्हिलन. आपण टाळ्या कुणासाठी वाजवल्या ते आठवून बघा.

आपल्याकडे उलटं झालं. इथे इंग्रज सरकारने १८६५ मध्ये जंगलाचा पहिला कायदा केला, १८७८ मध्ये दुसरा, आणि १९२७ चा तिसरा अजून चालू आहे. साहेबाने नकाशावर रेघ ओढली, दगडांच्या हद्दखुणा उभ्या केल्या. आतलं ते राखीव जंगल. आधी नोटीस निघायची की इथे कुणाचा हक्क असेल तर मुदतीत येऊन सांगा. मुदतीत कोणी आलं नाही तर हक्क संपला. ती नोटीस वाचणारा आपल्या पाड्यात तेव्हा कोण होता? नागली-वरईचं वरकस, राबाची झाडं, मोह, मासळीचे डोह, सगळं त्या रेघेच्या आत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला आजा नेहमीच्या जमिनीवर नांगर घेऊन गेला तो अतिक्रमणदार झाला. आजा हलला नव्हता, रेघ हलली होती.

म्हणजे तिथे रेघ ओलांडणारा पायोनियर आणि इथे जागेवरचा माणूस अतिक्रमणदार. कारण दोन्हीकडे रेघ ओढणारा एकच बाजू बघतो. लंडनहून बघणाऱ्याला पेशावर फ्रंटियर वाटलं. त्याच १८९३ सालच्या नोव्हेंबरात इंग्रजांनी अफगाणिस्तानच्या अमीराशी करार करून ड्युरँड रेघ ठरवली. पठाणांची एकच जमात दोन राज्यांत कापली गेली. भारत स्वतंत्र झाल्यावरही आजचा अरुणाचल कित्येक वर्षं 'नेफा' होता, म्हणजे ईशान्य सरहद्दीचा मुलूख. तिथे राहणाऱ्या आदिवासीला आपलं घर सरहद्द वाटतं का? त्याला ते गावाचं मधलं ठिकाणच वाटणार.

आपल्या भाषेत हद्दीला दुसरा शब्द आहे, शीव. सीमा या जुन्या शब्दाचाच तो पोर. मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी सायन स्टेशन बघितलंय. त्याचं मराठी नाव शीव. मुंबई बेटाची हद्द तिथे होती म्हणून. आपल्या गावाच्या शिवेवर वाघदेव असतो. वाघबारसेला तिथे नारळ-कोंबडं होतं. शीव ठरते कशी? दोन्ही गावचे म्हातारे ओढ्यापाशी, मोठ्या झाडापाशी, दगडापाशी उभे राहतात आणि म्हणतात, इथपर्यंत तुमचं, इथून आमचं. एका गावाने एकट्याने शीव ठरत नाही. पलीकडे कोणी आहे हे मान्य केल्याशिवाय शीव होतच नाही. भांडणं होतात, कुऱ्हाडीही निघतात, ते आम्ही नाकारत नाही. पण पलीकडे ओसाड आहे असं कोणी म्हणत नाही.

आता फॉर्मचं. सरकारचा २७ डिसेंबर १९७८ चा ठराव होता की ३१ मार्च १९७८ च्या आधीपासूनचं जंगलजमिनीवरचं अतिक्रमण नियमानुकूल करावं. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर त्यात दिल्लीच्या परवानगीचा अडसर आला, आणि कितीतरी माणसं लटकली. काही जवान पोरं म्हणतात, जमीन आपली असताना आम्ही अतिक्रमणदार म्हणून अंगठा का द्यायचा? त्यांचा राग खरा आहे. तरी आमचं मत असं की फॉर्म भरावा. कागद नसलेल्या माणसाला उद्या उठवणं सोपं जातं. पण नुसता फॉर्म देऊ नये. त्याला गावाचा ठराव जोडावा. त्यात आपल्या शब्दांत लिहावं की ही जमीन आम्ही पिढ्यान्पिढ्या कसत आलो आहोत, जंगलाची रेघ नंतर आली, आणि 'अतिक्रमण' हा शब्द सरकारचा आहे, आमचा नाही. सगळ्यांच्या सह्या-अंगठे त्यावर घ्यावेत. बायांचेही घ्यावेत, कारण अर्धी कसणूक त्यांची आहे.

पुरावा म्हणून काय लागेल? पावसाळ्याआधी प्रत्येक गावाने आपल्या शिवेवरून एक फेरी काढावी. शेजारच्या गावच्या दोन-चार म्हाताऱ्यांना बोलवावं, त्यांची साक्ष लिहून घ्यावी. वाघदेव, जुनी विहीर, घरांची जोती, शेताचे बांध, मसणवट, लावलेले आंबे, हे सगळं कागदावर उतरवावं. आणि दंडाच्या पावत्या फेकू नका! ज्या पावतीने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती सांगते की तुम्ही त्या साली त्या जमिनीवर होतात.

शेवटी एक इशारा. अमेरिकेत १८८७ मध्ये डॉज कायदा झाला. आदिवासींच्या सामाईक जमिनीचे तुकडे करून घरटी वाटले आणि उरलेली जमीन 'जादा' म्हणून गोऱ्यांना खुली केली. तेव्हा आदिवासींकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख उरली. कायदा त्यांच्या भल्यासाठी आहे असंच सांगितलं होतं. म्हणून घरटी पट्टा मागताना गावाचं रान, चराई, पाणवठा, मोहाची झाडं ही सगळ्यांची म्हणून वेगळी लिहून मागा. एकेकाचा पट्टा झाला आणि बाकीचं रान 'जादा' ठरलं, तर आपलंही तेच होईल.

फेरी झाली की कागदाची एक नक्कल कचेरीत द्या, पोच घ्या, आणि एक नक्कल आमच्याकडे पाठवा. ज्या गावात लिहिणारा नसेल त्यांनी निरोप द्या. आमच्यातला कोणी ना कोणी येईल.

जोहार.