हिरवी भिंत रंगवण्याआधी

दिवाळी आली की पवईत घरोघरी रंगकाम निघतं. पाचूसारखा हिरवा रंग छानच दिसतो. पण पालकहो, १८१४ मध्ये युरोपात निघालेल्या याच नावाच्या रंगात आर्सेनिक होतं! आता तसं नाही. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्यामुळे नव्या डब्यापेक्षा जुन्या दाराखिडक्यांचा ऑइलपेंट जास्त धोक्याचा. त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की धूळ उडते, मुलांच्या बोटांवरून पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. म्हणून माझं मत असं, की शेड निवडण्याआधी घासकामाचं ठरवा. ओलं करून घासा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, तोवर मुलांना आजीकडे ठेवा. मग भिंत खुशाल हिरवी करा.