प्रगती मोजायची कोणत्या मापाने?

ताप पाहायला आपण तापमापक घेतो, वजन करायला तराजू. तापमापकाने कोणी वजन करू लागला तर आपण हसू. देशाची प्रगती मोजताना मात्र जगाने बराच काळ असेच काहीसे केले आहे.

वर्षभरात देशात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवा यांची पैशातील किंमत म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. हे माप उपयोगाचे आहे, पण ते सगळे सांगत नाही. कारखान्याने नदी नासवली, तरी त्याचा माल हिशेबात जमा होतो. त्या पाण्याने आजारी पडलेल्यांच्या औषधोपचाराचा खर्चही जमा होतो. नदीचे नुकसान मात्र वजा होत नाही! खाणावळीतला स्वयंपाक मोजला जातो. आईने घरी केलेला नाही.

दरडोई उत्पन्नाचेही तसेच. समजा, चार घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी ५ हजार रुपये आणि पाचव्याचे ८० हजार आहे. सरासरी येते २० हजार. पाचव्याचे उत्पन्न १ लाख ८० हजार झाले की सरासरी दुप्पट होते. उरलेल्या चार घरांत काय बदलले? काहीच नाही.

अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावले होते, की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ठरवता येणार नाही. पुढे १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण यांना स्थान मिळाले.

आपला शेजारी भूतान आणखी पुढे गेला. 'सकल राष्ट्रीय आनंद' मोजण्यासाठी तिथे ९ क्षेत्रांतील ३३ निर्देशक पाहतात. झोप पुरेशी मिळते का, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. पण याच भूतानमधून १९९० च्या सुमारास नेपाळी भाषा बोलणाऱ्या सुमारे एक लाख लोकांना बाहेर पडावे लागले. त्यांनी नेपाळमधील छावण्यांत वर्षानुवर्षे काढली. देशातल्या पाहणीत त्यांचे दुःख कसे उमटणार?

म्हणून कोणत्याही मापाला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. काय मोजले? आणि कोणाला मोजले? पहिला प्रश्न आता बरेच जण विचारतात. दुसरा अजून पुरेसा विचारला जात नाही.

सुरुवात शाळेपासून करता येईल. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला, तर आनंदच आहे. पण पाचवीत त्या वर्गात किती मुले-मुली होती? वाटेत शाळा कोणी सोडली आणि का? शिक्षकांच्या मदतीने पाचवीचा पट आणि दहावीचा पट शेजारी ठेवून पाहा. निकालाच्या टक्केवारीत नसलेली नावे तिथे सापडतील.