चावी कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, 2025 सालचे गणपती आठवतात ना? 27 ऑगस्टला गणपती बसले, अनंत चतुर्दशी झाली आणि चाकरमानी मुंबईला परत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 18 सप्टेंबरला, सरकारचा आदेश आला. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये पुढे हवे असतील तर दोन महिन्यांत संकेतस्थळावर ई-केवायसी करा!

झालं, आमच्या मसुरे गावात बायकांची धावपळ सुरू झाली. आधी बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाईलवर ओटीपी येणार. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. ऐकायला किती सोपं!

मी एका काकींना घेऊन संगणक केंद्रात गेले होते. क्रमांक टाकला, ओटीपी गेलाही, पण काकींच्या हातातला फोन गप्पच. काकी म्हणाल्या, ‘‘वयनी, आधाराक नंबर झिलाचो दिलेलो. तो डोंबिवलीक आसा, आता कामार असतलो.’’ आधारचा ओटीपी दहा मिनिटंच चालतो. मुलाने फोन उचलला तेव्हा पाऊण तास झाला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

यात काकींचं काय चुकलं? हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला विचारलं, ‘‘अगं, हे लॉगिन म्हणजे असतं तरी काय?’’ तिने छान समजावलं. संकेतस्थळाला आपला चेहरा दिसत नाही. ‘मीच ती’ हे सिद्ध करायचे तीनच मार्ग. एक, मला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड. दुसरा, माझ्याकडे असलेली वस्तू, म्हणजे ओटीपी येणारा फोन. तिसरा, माझं शरीर, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा.

आता हे तिन्ही मार्ग आपल्या घरात आणून बघा. पासवर्ड मुलाने ठेवलेला. फोन नवऱ्याचा. आणि ठसा? काजूगर काढून, भांडी घासून, शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशनच्या मशीनवर किती वेळा अंगठा दाबावा लागतो ते विचारा!

म्हणजे यंत्र विचारतं, ‘फोन कुणाकडे आहे?’ आणि समजतं, बाई तीच. शहरात एक माणूस, एक फोन असा हिशेब जमत असेल. आपल्याकडे तो जमत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे या आपल्यासारख्याच बाईला मिळालं. ओळख बाईच्या नावाने मिळाली खरी, पण त्या ओळखीची चावी किती घरांत बाईच्या हातात आली?

त्यातून विधवा आणि घटस्फोटित बहिणींचं तर काय सांगावं! नवरा नाही, वडीलही गेलेले, मग दुसरा ओटीपी आणायचा कुणाचा? फॉर्मला ‘नाही’ हे उत्तरच माहीत नव्हतं. बरीच ओरड झाल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. अशा बहिणींनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं द्यावीत, अशी सोयही झाली. खोटे लाभार्थी शोधायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण ही दुसरी वाट पहिल्याच दिवशी ठेवली असती तर किती जणींचे हेलपाटे वाचले असते! घर बांधताना मागचं दार ठेवायला आपण विसरतो का कधी?

आणखी एक काळजी. एकीकडे रोज ऐकवतात, ओटीपी कुणाला सांगू नका. दुसरीकडे केंद्रातल्या गर्दीत आपण तो मोठ्याने ओरडून सांगतो. सवयच लागते हो! मग उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही आपण भाबडेपणाने सांगून टाकतो. भाची म्हणाली, नीट बांधलेल्या संकेतस्थळावर पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवतच नाहीत. त्याचं असं मिश्रण करून ठेवतात की तिथल्या माणसालाही तो वाचता येत नाही. तेव्हा पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर विचारणारा माणूस लबाडच समजावा.

म्हणून बायांनो, एवढं कराच. आधारला आणि बँकेला कुणाचा नंबर जोडलाय ते आजच बघा. दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रात आणि बँकेत जाऊन स्वतःचा जोडून घ्या. साधा बटणांचा फोन असला तरी ओटीपी येतो. केंद्रात गेलात तर आकडा स्वतः टाका, जमत नसेल तर फोनचा पडदा दाखवा, ओरडू नका. काम झाल्यावर ‘लॉग आउट’ करायला सांगा आणि ते होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. आणि कुणी फसवलंच तर लाज न बाळगता लगेच 1930 वर फोन करा.

मुलगा, नवरा आपलेच आहेत, अविश्वासाचा प्रश्नच नाही. पण तिजोरीची चावी आपण कमरेलाच खोचतो ना? मग हीसुद्धा तिथेच हवी!