मयताच्या सामानाचे दुकान आणि आपले सोवळे



बायोडेटा चांगला होता. मुलगा बी.कॉम., वय २८, स्वतःचा धंदा, घर घाटकोपर पूर्वेला, निर्व्यसनी, विहारात नियमित येणारा. मुलीकडचे भांडुपचे आणि तेही आपलेच. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, आई महिला मंडळात, हॉलमध्ये बुद्धमूर्ती, काचेच्या कपाटात बाबासाहेबांचे खंड ओळीने लावलेले. मध्यस्थ म्हणून आम्ही दोन्ही घरचा चहा प्यायलो. फोटो पसंत पडला. पत्रिकेचा प्रश्नच नव्हता. मग वडिलांनी विचारले, "धंदा कसला म्हणालात?" आम्ही सांगितले, "मयताचे सामान, शववाहिनी, सगळी व्यवस्था. तीस वर्षांचे दुकान आहे." हातातला कप बशीत गेला. दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला की मुलगी अजून पुढे शिकायचे म्हणते.

मुलीला विचारलेच नव्हते, हे आम्हाला नंतर तिच्याकडूनच कळले.

हा लेख त्या एका घरावर राग काढायला लिहिलेला नाही. तसे घर आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सोसायटीत आहे. आम्ही स्वतःसुद्धा लहानपणी शाळेतून येताना त्या दुकानासमोरून रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायचो. कोणी शिकवले होते? कोणीच नाही. बांबू, कामट्या, सुतळीचे गुंडे, मडक्यांची उतरंड, पांढऱ्या कापडाचे तागे पाहिले की पाय आपोआप वळायचे. घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती आणि पायांत मनुस्मृती होती, इतकेच.

ज्यांनी हे दुकान फक्त बाहेरून पाहिले आहे त्यांनी जरा आत येऊन बघावे. उपनगरात माणूस रात्री दोन वाजता घरी गेला तर काय होते? पहिला प्रश्न तिरडीचा नसतो, कागदाचा असतो. मृत्यू घरी झाला तर डॉक्टरने तपासून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. इस्पितळात ते नमुना ४ वर मिळते, घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे. ते नसेल तर स्मशानात नोंद होत नाही. फॅमिली डॉक्टर फोन उचलत नाही, नवा डॉक्टर 'मी पेशंट पाहिलेला नाही' म्हणून सही करत नाही, आणि काही संशय असला तर प्रकरण पोलिसांकडे जाते. अशा वेळी रडणाऱ्या घराला कुठला डॉक्टर येईल, आधारकार्डाच्या किती प्रती लागतील, कोणत्या स्मशानात विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी आज चालू आहे, हे सांगणारा माणूस म्हणजे या दुकानातले काका. पुढे नोंदणीची मुदत २१ दिवसांची असते, दाखल्यावर नावाचे स्पेलिंग चुकले तर पेन्शन आणि विम्यात वर्ष जाते, हेही तेच सांगतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

काकू कापड फाडतात, फुले आणतात. पण त्यांचे खरे काम वेगळेच आहे. बाईमाणूस गेले आणि आंघोळ घालायला घरात कोणी बाई नसेल, किंवा असूनही कोणी पुढे येत नसेल, तर काकू जातात. आजाराने महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालणे काय असते ते लिहून सांगता येणार नाही. मुलगा शववाहिनी चालवतो, हिशेब बघतो. चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या पुनर्वसन इमारतीच्या अरुंद जिन्यातून देह खाली आणायला खांदे कमी पडले की तोच खांदा देतो. हे तिघे गेल्या तीस वर्षांत या भागातल्या किती घरांत गेले असतील! आणि त्यातल्या किती घरांनी त्यांना नंतर सत्यनारायणाचा नव्हे, साध्या बारशाचा तरी पेढा दिला?

आता आक्षेपाकडे येऊ. आमचा एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "हे धंदे सोडा असे बाबासाहेबांनीच सांगितले ना? मग आपण त्याचे कौतुक कशाला करायचे?"

आक्षेप हलका नाही. महारकीत मरणाची कामे होती हे खरेच आहे. गावात कोणी मेले की नातेवाइकांना सांगायला गावोगाव पायी जायचे, सरणाची लाकडे वाहायची आणि मोबदल्यात प्रेतावरचे कापड घ्यायचे. त्याला 'हक्क' म्हणायचे! १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्काही दिला. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे उत्पन्न बुडते असा हिशेब मांडणाऱ्याला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात आले आहे. फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वर मी पदरचे पैसे देतो, अशा अर्थाचे ते उत्तर. फायद्यापेक्षा इज्जत मोठी, हा त्याचा गाभा.

म्हणजे कसोटी इज्जतीची आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण मग या दुकानाला ती कसोटी नीट लावा. महाराला कामाला नाही म्हणता येत नव्हते, काकांना येते. महाराचा मोबदला गाव ठरवायचे, तोही कापड आणि शिळ्या भाकरीत. काकांच्या दुकानात दरपत्रक भिंतीवर आहे. महाराचा मुलगा महारकीच करणार हे जन्माआधी ठरलेले होते. काकांची मुलगी नर्स आहे आणि मुलगा तीन वर्षे बँकेत काम करून, तिथले कंत्राट संपल्यावर, स्वतःच्या मर्जीने दुकानात आला. १९३६ च्या 'जातिसंहारा'त बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि माणसांची वाटणी यांत जो फरक केला आहे तो इथे डोळ्यांसमोर उभा आहे. या कुटुंबाच्या इज्जतीत एकच गोष्ट कमी पडते. ती म्हणजे आपण. गावाने जे करायचे ते आता आपण करतो.

आणि कोणत्या तोंडाने? ज्या समाजाचे सर्वांत मोठे स्थळ स्मशानभूमीत उभे आहे, तो समाज मरणाला अशुभ मानतो! ७ डिसेंबर १९५६ च्या पहाटे बाबासाहेबांचा देह विमानाने सांताक्रूझला उतरला, राजगृहावर नेला गेला आणि संध्याकाळी दादर चौपाटीवर अग्नी दिला गेला. त्याच ठिकाणी, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखभर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. जगात कुठल्या धर्माची एवढी मोठी दीक्षा स्मशानात झाली असेल? आजही चैत्यभूमीला लागूनच दादरची स्मशानभूमी आहे. ६ डिसेंबरला आपण लाखोंनी त्या रांगेत उभे राहतो, तिथेच वडापाव खातो, पुस्तके घेतो, लेकरांना झोपवतो. विटाळ होत नाही. तो होतो फक्त सोयरीक जुळवताना.

बौद्ध झालो की हा विटाळ आपोआप जातो, असे मानणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. शतकानुशतके बौद्ध असलेल्या त्या देशात कत्तल, चामडे आणि मरणाशी संबंधित कामे करणाऱ्यांच्या वंशजांना, बुराकुमिनांना, वेगळ्या वस्त्यांत ठेवले गेले. कायद्याने भेद संपल्यावरही लग्नाआधी गुप्तहेर लावून समोरच्याचे मूळ गाव तपासायची पद्धत राहिली. १९७५ मध्ये तर अशा वस्त्यांच्या याद्यांची पुस्तके कंपन्यांना चोरून विकली जात असल्याचे उघड झाले. भांडुपच्या त्या दिवाणखान्यात आम्हाला ती यादी आठवली.

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या तरुणांनी नीट अभ्यासावे असे आम्हाला वाटते. पँथर हे नाव आपण १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले. पण त्या लढ्याला पैसा, गाड्या आणि जागा कुठून मिळत हे फारसे वाचले नाही. वंशभेदाच्या काळात काळ्यांच्या अंत्यविधीचा धंदा काळ्यांच्याच कुटुंबांकडे होता. आजोबा, मुलगा, नातू असा चालत आलेला. गिऱ्हाईक आपलेच, म्हणून उत्पन्न गोऱ्या मालकाच्या हातात नाही, आणि म्हणून भीतीही कमी. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. पेटी उघडायची नाही या अटीवर देह शिकागोला आला. त्याच्या आईने, मेमी टिलने, ती उघडायला लावली आणि रेनर यांच्या अंत्यविधीगृहाने ते केले. हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला, 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापला आणि देश हादरला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग सफाई कामगारांच्या संपासाठी मेम्फिसला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी गाडी आणि चालक दिला होता आर. एस. लुईस या कुटुंबाच्या अंत्यविधीगृहाने. ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली आणि त्यांचा देह त्याच कुटुंबाकडे आला.

म्हणजे मरणाचे काम इथे वतनाची बेडी झाले आणि तिथे तेच स्वाभिमानाची भाकरी झाले. फरक मालकीचा आहे.

याचा अर्थ 'कुटुंबाचा धंदा' म्हटले की सगळे छान, असे आम्ही म्हणत नाही. स्मशानात प्रत्यक्ष दाहिनीपाशी राबणाऱ्यांकडे पाहा. तिथे बापानंतर मुलगा येतो तो आवडीने नव्हे, दुसरीकडे दार बंद असते म्हणून. त्याला परंपरा म्हणून गौरवायचे नसते. त्याला कायम नोकरी, हातमोजे, विमा आणि त्याच्या लेकराला बाहेर पडायची वाट द्यायची असते. कोविडमध्ये त्यांना आपण योद्धे म्हटले. त्यांच्यातले किती जण अजून कंत्राटावर आहेत हे आपल्या वॉर्डात जाऊन विचारा. आणि काकांच्या मुलाच्या मुलाला उद्या दुकान नको असेल तर त्याने ते सोडावे, याबद्दल आमचे दुमत नाही.

इकडे बाजार जागा झालाच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीचा स्टॉल गाजला होता. समोर सजवलेली तिरडी आणि ३७,५०० रुपयांचे सभासदत्व. त्यात पुरोहित आला, न्हावी आला, खांदेकरी आले, 'राम नाम सत्य है' म्हणणारेही आले. अख्खी बलुतेदारी एका पॅकेजमध्ये! मुंबईत पालिकेच्या स्मशानात एका देहामागे ३०० किलो लाकूड मोफत मिळते, हे माहीत नसलेली आपली माणसे उद्या असल्या पॅकेजचे हप्ते भरतील.

काकांकडेही एक गोष्ट आम्हाला खटकायची. दुकानातली पिशवी सगळ्यांना एकच असायची. मडके, गुलाल, तीळ, सगळे त्यात. बौद्ध घरातसुद्धा तीच जायची आणि गडबडीत कोणीतरी मडके धरून पुढे चालायचा. आम्ही बोललो. काका म्हणाले, "ताई, लोक मागतात. नाही दिले तर म्हणतात अर्धेच सामान दिले." खरे होते. पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली माणसे भीतीपोटी मडके मागतात आणि दोष दुकानदाराला देऊन मोकळी होतात. मग विहारात बसून दोघांनी मिळून यादी केली. पांढरे वस्त्र, फुले, मेणबत्त्या, अगरबत्ती, बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, भागातल्या बौद्धाचार्यांचे फोन नंबर, आणि मागे छापलेले त्रिशरण-पंचशील. पिशवी जवळपास निम्म्या पैशांत बसली. काकांचा नफा घटला, हे त्यांनी आम्हाला हसत ऐकवले. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या शाखांनी आपल्या भागातल्या दुकानांत ही यादी नेऊन द्यावी. जलदान विधीच्या जेवणावळींवर कर्ज काढणे थांबवायची चर्चाही त्याच बैठकीत घ्यावी. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुलाच्या बायोडेट्याचे पुढे काय झाले ते सांगतो. मागच्या आठवड्यात त्याने नवी प्रत पाठवली. व्यवसायाच्या रकान्यात आता 'ट्रान्सपोर्ट' लिहिले आहे. आम्ही फोन करून म्हटले, "हे खोड, खरे ते लिही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खोडतो ताई. पण आधी तुम्ही लोकांना सांगा."