प्रोफाइल खरी हवी? मग आधी दाखला द्या!



आमच्या पोरांना सध्या एक नवा उपदेश पाजला जातोय. प्रामाणिक प्रोफाइल बनवा. खरं तेच लिहा. फोटो नीटनेटका लावा, अनुभव तारखेनिशी भरा, मग बघा नोकरी कशी चालत येते! हा उपदेश करणारे कोण? ज्यांच्या मामाने एक फोन फिरवला की पोरगं चिकटतं, ते. आणि ऐकणारे कोण? बारामतीच्या आमराईतली, इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरची, पुण्यात एका खोलीत सहा-सहा जण झोपणारी आमची पोरं.

खोटं लिहू नये, हे मलाही मान्य आहे. आमच्या माणसाचं खोटं तर लगेच पकडलं जातं. पण खरेपणा हा फक्त अर्ज करणाऱ्याचा धर्म आणि मालकाला त्यातून सूट, हे मला मान्य नाही. ज्या व्यवस्थेने आमच्या कामाची नोंदच ठेवली नाही, ती आता आमच्याकडेच नोंद मागते. हा काय न्याय झाला?

मी संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसून पोरांचे फॉर्म भरून देतो. सरकारचं महास्वयम असो, नॅशनल करिअर सर्व्हिस असो, नोकरी डॉट कॉम असो की लिंक्डइन. आमच्या बापांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलं आणि कॉल येईल म्हणून म्हातारे झाले. आता कार्ड गेलं, पडदा आला. रकाने मात्र तेच. नाव. शिक्षण. अनुभव. शिफारस.

मुंबईच्या माणसाला बारामती म्हटलं की विकास दिसतो. खोटं नाही ते. एमआयडीसी आहे, तिथे पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, फरेरोची चॉकलेटं तयार होतात, टेक्स्टाइल पार्क आहे. माळेगाव आणि सोमेश्वरचे साखर कारखाने आहेत. इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती कारखाना आहे, आणि वालचंदनगर तर इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवतं. २ मार्च २०२४ ला बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एकाच व्यासपीठावर बसले. खाली आमची पोरं प्लास्टिकच्या फायली छातीशी धरून रांगेत. त्या फायलीत काय होतं, हे व्यासपीठावरच्या कुणी उघडून बघितलं का?

मी रोज बघतो. दहावीचं मार्कलिस्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट, एमएससीआयटी, जातीचा दाखला. आणि त्यानंतर काही नाही. कोरं. चार-चार, पाच-पाच वर्षं राबलेल्या पोराच्या फायलीत त्या राबण्याचा एक कागद नाही.

का नाही? कारण तो कंत्राटी. मशीन एका कंपनीचं, पगार दुसऱ्याचा. मधेच कंत्राटदार बदलतो. माणूस तोच, मशीन तेच, गेटपासवरचं नाव फक्त नवं. हा पोरगा सीएनसी चालवतो, पण पगारपत्रकावर ‘हेल्पर’. आता सांगा, ‘अनुभव’ या रकान्यात त्याने काय लिहायचं? कंपनीचं नाव लिहिलं तर चौकशीत कंपनी म्हणते, हा आमच्या हजेरीपटावर नाही. झाला खोटारडा! कंत्राटदाराचं नाव लिहिलं तर एचआरवाला विचारतो, हे कोण? ऑपरेटर लिहिलं तर कागद हेल्पर म्हणतो. हेल्पर लिहिलं तर पगार हेल्परचा.

साखर कारखान्यातल्या हंगामी माणसाचं आणखी वेगळं. गळीत हंगाम चालू आहे तोवर तो गव्हाणीवर, बॉयलरवर, सेंट्रिफ्युगलवर. पट्टा पडला की घरी. पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच. अशी दहा वर्षं. पडद्यावर मात्र दरवर्षी मोठी भगदाडं दिसतात, आणि मुलाखतीला बसलेला टायवाला विचारतो, “या काळात तुम्ही काय करत होता?” काय करत होता? दुसऱ्याच्या उसाला पाणी देत होता, साहेब. तो रकाना तुमच्याकडे नाही.

माझंच सांगतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, मी तीन वर्षं मशीनवर उभा होतो. सोडताना दाखला मागितला तर कंत्राटदाराचा माणूस हसला. म्हणाला, “दाखला कशाला पायजे रं? काम केलं, पैसं घेतलं, मिटलं.” त्याच्या लेखी मिटलं. माझ्या आयुष्यातली तीन वर्षंच मिटली!

आता नावाच्या रकान्याकडे या. आमच्याकडे आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “गायकवाड? कुठले गायकवाड?” हा प्रश्न भूगोलाचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी पेपरांतल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. २००७ साली निष्कर्ष छापून आले. दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोनतृतीयांश, मुसलमान नावाला सुमारे एकतृतीयांश. शिक्षण तेच, कागद तोच, शाई तीच!

आणि हे आजचं थोडंच आहे? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबियाची पदवी, लंडनचं शिक्षण. राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी खानावळीच्या वहीत त्यांना पारशी नाव लिहावं लागलं. पुढे काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि ती जागाही गेली. इतका विद्वान माणूस, आणि त्याला वहीत आपलं नाव लिहिता येऊ नये! म्हणून जो पोरगा आज प्रोफाइलवर आडनाव गाळतो, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो चौकटीबाहेर ठेवून स्वतःचा फोटो काढतो, त्याला मी भेकड म्हणणार नाही. लाज त्याची नाही. लाज त्या बाजाराची, जो खरं नाव बघून दार लावतो आणि वर खरेपणाचे धडे देतो.

मग काय, प्रोफाइल बनवायचीच नाही? बनवायची! पण त्यांच्या पद्धतीने नाही. पैसे घेऊन ‘मेहनती, जिद्दी, टीमप्लेयर’ असली इंग्रजी पोपटपंची लिहून देणारे आता बारामतीतही भेटतात. फेकून द्या ती. काम लिहा. कोणतं मशीन, कोणता भाग, एका पाळीत किती नग, बिघाड झाल्यावर कोण दुरुस्त करायचं. कंत्राटदार आणि कारखाना दोघांचीही नावं लिहा: अमक्याच्या मार्फत, तमक्या कारखान्यात. हंगामी असाल तर हंगामी लिहा, आणि दहा हंगाम एकाच ठिकाणी बोलावलं हेही लिहा. त्यापेक्षा मोठी शिफारस कोणती?

पुरावा पीएफच्या पासबुकात आहे. २०१४ पासून यूएएन नंबर आला. कंत्राटदार बदलला तरी नंबर तोच राहतो, आणि कुणी कधी पैसे भरले ते त्यात दिसतं. नसेल भरला, तर ती चोरी आहे आणि तक्रार केलीच पाहिजे. जातीचा दाखला आणि आधार मात्र उघड्या पानावर टाकू नका. जिथे राखीव जागेचा हक्क आहे तिथेच जातीचा कागद दाखवायचा. आणि नोकरीआधी पैसे मागणारा कुणीही असो, तो भामटा समजा.

पण खरी लढाई गेटवर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कामगारांच्या हक्कांना त्यांनी कुठे कुठे कात्री लावली, त्यावर वेगळं बोलू. पण त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे. आणि कंत्राटी कामगाराने मागितला तर कंत्राटदाराने अनुभवाचा दाखला, काय काम केलं त्या तपशिलासह, दिलाच पाहिजे. ‘मागितला तर’ हे शब्द लक्षात ठेवा. एकट्याने मागितला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. चाळीस जणांनी एकाच दिवशी, लेखी, पोच घेऊन मागितला तर? खाजगी क्षेत्रात आपल्याला आरक्षण नाही, वशिला नाही. निदान आपल्या घामाची पावती तरी आपल्या हातात असू द्या.

आता तुम्हाला, मुंबई-पुण्यातल्या दोस्तांना. शिफारशीचा रकाना आमच्या पोरांचा कायम रिकामा असतो, कारण आमच्यात मामा नाही. तुमच्यातले काही जण आयटीत आहेत, बँकेत आहेत, दोघे-तिघे एचआरमध्येसुद्धा आहेत. त्यांपैकी किती जणांनी इंदापूरच्या एखाद्या पोराचं काम बघून त्याच्यासाठी चार ओळी लिहिल्या? सभेत बोलता, पोस्टर लावता, बरं वाटतं. एका रविवारी एसटीत बसून या. अभ्यासिकेत वीस पोरं कोऱ्या फायली घेऊन बसलेली असतात. त्यांचं काम ऐका आणि त्याखाली तुमचं नाव घाला. पूर्ण नाव. आडनावासकट!

जयभीम.